खाकी उसनी, मग जबाबदारी कोणाची?

दर काही महिन्यांनी तोच व्हिडिओ येतो, फक्त चौक बदललेला असतो. पोलिसांच्या मदतीला उभा केलेला कुठलातरी ट्रॅफिक वॉर्डन नाहीतर होमगार्ड बाईकवाल्याची चावी काढून घेतोय, बाईकवाला मोबाइल धरून ओरडतोय "तू पोलीस आहेस का? मला अडवायचा अधिकार तुला दिला कोणी?" आणि समोरचा माणूस कधी आवाज चढवतो तर कधी दहा फुटांवर उभ्या हवालदाराकडे बघत राहतो. मग दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते हे भाड्याचे पोलीस बंद करा, आजपासून एकालाही रस्त्यावर उभं करू नका. दुसरी म्हणते उन्हातान्हात उभी राहणारी गरीब पोरं आहेत, त्यांना पूर्ण अधिकार द्या, हातात काठी द्या, मग बघा कसे सरळ होतात सगळे. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघंही मूळ प्रश्नाला हात लावत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शहराला सहाय्यक पोलीस लागतात, लागणारच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना अधिकार किती द्यायचे हा प्रश्नही नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की त्या माणसाने काही केलं तर उत्तर कोण देणार? माणूस जितका तात्पुरता, जितका कमी ट्रेनिंगचा, जितका कमी पगाराचा, तितके त्याचे नियम जास्त कडक आणि जास्त उघड पाहिजेत, आणि त्याला ड्युटीवर उभं करणारा अधिकारी त्याच्या वागण्याला नावानिशी जबाबदार पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. कायम पोलिसाच्या नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत आणि त्याच्या शेजारी उभ्या हंगामी माणसाचा सगळा कारभार "साहेबांनी सांगितलंय" या दोन शब्दांवर चालतो.

आता मुंबईतलाच चौक घ्या. एकाच सिग्नलला ट्रॅफिक हवालदार असतो, होमगार्ड असतो, कधी ट्रॅफिक वॉर्डन असतो, टोइंगच्या गाडीवरची पोरं असतात, आणि जवळच्या सरकारी इमारतीच्या गेटवर महाराष्ट्र सुरक्षा बलाचा जवान. तुमच्यामाझ्यासारख्याला हे सगळे "पोलीसवाले". कायद्याच्या नजरेत मात्र प्रत्येकजण वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम 130 लायसन्स मागायचा हक्क गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला देतं, वॉर्डनचं त्यात नावसुद्धा नाही, म्हणजे वॉर्डनने लायसन्स मागितलं तर तुम्ही नाही म्हणू शकता. पण होमगार्डचं तसं नाही. 1947 च्या मुंबई होमगार्ड कायद्याचं कलम 5 सांगतं की होमगार्डला रीतसर ड्युटीवर बोलावलं असेल तर त्याला पोलीस अधिकाऱ्याचेच अधिकार आणि पोलिसाचंच संरक्षण. म्हणजे व्हिडिओतला तो मोठ्या ऐटीत विचारलेला "तू पोलीस आहेस का" हा प्रश्न समोर होमगार्ड असेल तर बऱ्याचदा विचारणाऱ्याच्याच अंगाशी येऊ शकतो. कायद्याने तो लोकसेवक आहे, त्याला ढकललंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132, म्हणजे आपलं जुनं 353, लागू शकतं. हे किती लोकांना माहिती आहे? बरं लोकांचं सोडा, त्या होमगार्डला तरी कोणी नीट समजावून सांगितलंय का?

सगळी गोम "बोलावलं असेल तर" याच्यात आहे. होमगार्डचा अधिकार त्याच्या अंगावरच्या कपड्यात नाही, त्याला ज्या आदेशाने बोलावलंय त्या आदेशात आहे. आदेश असेपर्यंत तो पोलीस, आदेश संपला की तो रिक्षावाला, भाजीवाला, कॉलेजचा मुलगा, जो असेल तो. कायदा करणाऱ्यांनी हे विचार करूनच केलेलं दिसतं. संघटना उभी राहिली 6 डिसेंबर 1946 ला, मुंबईत दंगली चालू होत्या, मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते, आणि गरज अशी होती की शहरातल्याच भल्या लोकांनी काही दिवस पोलिसांच्या खांद्याला खांदा लावावा आणि मग आपापल्या घरी जावं. संकट तात्पुरतं, माणूस तात्पुरता, म्हणून अधिकारही तात्पुरता. पुढे 1962 च्या चीन युद्धानंतर केंद्राने राज्यांना सांगितलं की तुमच्याकडच्या असल्या वेगवेगळ्या स्वयंसेवी संघटना एकाच नमुन्याच्या होमगार्डमध्ये आणा, आणि मुंबईची कल्पना देशभर गेली. प्रश्न असा की आज होमगार्ड कशासाठी वापरतात? गणपती, निवडणुका, चैत्यभूमीवरची 6 डिसेंबरची गर्दी, हे ठीक, हे ठराविक दिवसांचं काम. पण रोजचा ट्रॅफिक पॉइंट, रोजची गस्त, रोजचा पहारा यात कुठलं संकट आहे? तात्पुरत्या संकटासाठी केलेला कायदा आपण कायमच्या भरतीच्या जागी वापरतोय, आणि वर विचारतो गोंधळ का होतो.

2023 च्या जुलैमध्ये यावर बरी चर्चा व्हायची संधी आली होती. सरकारने मुंबई पोलिसांच्या मदतीला महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे, म्हणजे त्याच सुरक्षा बलाचे, 3000 जवान 11 महिन्यांसाठी घ्यायचं ठरवलं. विरोधक म्हणाले ही कंत्राटी पोलीस भरती. सरकार म्हणालं छे, महामंडळ आपलंच, नवीन भरतीची पोरं ट्रेनिंगमधून बाहेर येईपर्यंतची सोय आहे, आणि हे जवान फक्त सुरक्षेचं काम करणार, कायदा-सुव्यवस्था आणि तपास त्यांच्याकडे देणार नाही. झालं, आठवडाभर "कंत्राटी की नाही कंत्राटी" यावर डोकी फुटली. मला त्या वादात एकच गोष्ट ऐकायची होती आणि ती कुठल्याच बाजूने आली नाही. "हे काम देणार नाही" असं सभागृहात सांगितलंत, चांगलं केलंत, पण रात्री दोन वाजता माणूस कमी पडला आणि ड्युटी ऑफिसरने त्यालाच "चल रे गाडीत बस" म्हटलं, तर तो नाही कसा म्हणणार, कोणता कागद दाखवून म्हणणार? आणि गेलाच, तर नोटीस कोणाला, त्याला की त्या साहेबाला?

माझ्या म्हणण्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मला खरंच वजनदार वाटतात. पहिला मनुष्यबळाचा. मुंबईत शिपायांची हजारो पदं रिकामी असायची हे काही गुपित नाही, बारा बारा तासांच्या ड्युट्या, सुट्ट्या रद्द, विसर्जनाच्या दिवशी तर घर कुठलं आणि जेवण कुठलं. अशा वेळी कोणी म्हणालं की आधी नियमांचा घोळ घालू, मग माणसं उभी करू, तर पोलीस स्टेशनचा इन्चार्ज हात जोडणारच. मान्य. दुसरा मुद्दा जास्त जिव्हारी लागतो. कोठडीत मारहाण, हप्ते, खोट्या केसेस, हे सगळं कोण करतं? कायम नोकरीतले, पूर्ण ट्रेनिंगचे, नियमांच्या पुस्तकाखाली असलेले पोलीसच करतात ना? मग नियम असून तिथे काय उजेड पडला, की तुम्ही सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाच्या मागे नियमांचं शुक्लकाष्ठ लावताय?

या दुसऱ्या मुद्द्याला मी बराच काळ अडखळत होतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. नियम असून पोलीस अत्याचार थांबत नाहीत, खरं आहे. पण कायम पोलिसाच्या बाबतीत निदान धागा पकडायला मिळतो. त्याची नेमणूक, बकल नंबर, स्टेशन डायरीतली नोंद, खात्याची चौकशी, निलंबन, पगारवाढ रोखणे, पेन्शनची भीती. तक्रारदार चिकट असेल तर दहा वर्षांनी का होईना त्या धाग्याने माणसापर्यंत पोचतो. हंगामी माणसाच्या बाबतीत काय होतं? प्रकरण लहान असलं तर "समज दिली". मोठं झालं की "तो आमचा नाहीच". दोनच शिक्षा, एक काहीच नाही आणि दुसरी रजिस्टरमधून नाव कमी. पहिल्यात तक्रारदार मेला, दुसऱ्यात बऱ्याचदा तो हंगामी माणूस मेला, कारण त्याला ना चौकशी ना म्हणणं मांडायची संधी. आणि दोन्ही वेळा त्याला तिथे उभं करणारा अधिकारी कोरडा ठणठणीत. म्हणजे नियम नसण्याचा फायदा कोणाला होतो बघा, खालच्या पायरीवरच्या माणसाला नाहीच, त्याच्या दोन पायऱ्या वर बसलेल्याला होतो.

ही गोष्ट आपल्या पुण्याला नवीन नाही खरंतर. 1791 साली घाशीराम कोतवालाने कोंडलेले ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेले, लोक खवळले, घाशीरामाला जमावाच्या ताब्यात दिला आणि लोकांनी दगडांनी ठेचून मारला. न्याय झाला असं म्हणतात. पण घाशीरामाला कोतवाल नेमला कोणी, वर्षानुवर्षं त्याच्या तक्रारी येत होत्या त्या कोणाच्या दरबारात पडून होत्या? नाना फडणवीसांचा कारभार पुढे तसाच चालू राहिला. नेमलेला गेला, नेमणारा राहिला.

इंग्रजांनी तर या प्रकाराची शास्त्रशुद्ध मांडणीच केली. 1857 नंतर चार वर्षांत, 1861 चा पोलीस कायदा आला, त्याच्या कलम 17 मध्ये विशेष पोलीस अधिकारी, दंगल होईल असं वाटलं की आसपासच्या रहिवाशांना नेमायचं, आणि नेमलेला नाही म्हणाला तर त्यालाच दंड. स्वदेशीच्या काळात बंगालमध्ये रंगपूरला हेच कलम प्रतिष्ठित नागरिकांना खाली दाखवायला वापरलं. ज्या कलमाने लोकांना मदतीला बोलवायचं, त्याच कलमाने त्यांची मान खाली घालायची. मुंबईच्या 1951 च्या पोलीस कायद्यातही कलम 21 आहे, 18 ते 50 वयाच्या धडधाकट पुरुषाला लेखी आदेशाने विशेष पोलीस अधिकारी नेमता येतं. लेखी आदेश, सही, शिक्का, एवढं तरी त्यात आहे. आजच्या कितीतरी नेमणुकांपेक्षा ते बरं म्हणायची वेळ आलीय.

पण खरा धडा घ्यायचा तर आयर्लंडकडे बघावं. 1920 मध्ये तिथल्या पोलिसांना माणसं कमी पडली म्हणून ब्रिटिश सरकारने युद्धातून परतलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची ऑक्झिलरी डिव्हिजन उभी केली, दिवसाला एक पाउंड पगार, तेव्हाच्या मानाने भरपूर. माणसं युद्धात मुरलेली, शूर, शिस्तीतली. पोलीसकामाचं ट्रेनिंग जवळजवळ शून्य आणि त्यांना विचारणारी यंत्रणा त्याहून कमी. 11 डिसेंबर 1920 च्या रात्री कॉर्क शहराचा मधला भाग त्यांनी पेटवून दिला. त्याच वर्षी उत्तरेत अल्स्टर स्पेशल कॉन्स्टेब्युलरी सुरू झाली, त्यातले बी-स्पेशल्स म्हणजे अर्धवेळ, आपापल्याच भागातले, बंदूक घरी ठेवणारे, आणि जवळजवळ सगळे एकाच, प्रोटेस्टंट पंथाचे. "स्थानिक माणूस, त्याला गल्लीबोळ माहिती" हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद, जो आपल्याकडे आजही रोज ऐकू येतो. पन्नास वर्षं ते दल चाललं, आणि 1969 च्या दंगलींत त्यांचं वागणं असं होतं की सरकारने नेमलेल्या हंट समितीने ते बंद करायला सांगितलं, 1970 ला बंद झालं. स्थानिक असणं ही पात्रता आहे तशीच जोखीमही आहे, कारण स्थानिक माणसाची दुश्मनीही स्थानिकच असते.

लांब कशाला जायचं, छत्तीसगड आहेच. सलवा जुडूमच्या, म्हणजे सरकारच्या पाठिंब्याने चाललेल्या नक्षलवादविरोधी मोहिमेच्या काळात आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी नेमलं, शिक्षण पाचवी पास असलं तरी चालेल, महिन्याला 3000 रुपये मानधन, दोन महिन्यांचं ट्रेनिंग आणि हातात बंदूक. 5 जुलै 2011 ला सुप्रीम कोर्टाने नंदिनी सुंदर खटल्यात ही पद्धत घटनेच्या कलम 14 आणि 21 च्या विरोधात आहे असं सांगून थांबवली. मला त्या निकालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की कोर्टाने फक्त गावकऱ्यांच्या हक्काचा विचार केला नाही, त्या पोरांच्याही हक्काचा केला, की इतक्या कमी शिक्षणात, इतक्या कमी पैशात त्यांना मरणाच्या तोंडी उभं करणं हीसुद्धा विषमताच आहे. केंद्राने कोर्टात आपला वाटा मानधनाचे पैसे देण्यापुरता असल्यासारखी भूमिका घेतली होती, त्यावर कोर्टाने चांगलंच सुनावलं. पैसे आम्ही देतो, बाकी आम्हाला विचारू नका! मग राज्याने काय केलं, त्याच वर्षी सहाय्यक सशस्त्र पोलीस दलाचा नवा कायदा करून त्याच लोकांना त्यात सामावून घेतलं. पाटी बदलली. यातून "त्यांना कायम करा, प्रश्न सुटेल" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा, कायम केल्याने माणसाचं पोट भरतं, ते चांगलंच, पण जबाबदारीचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

आणि कोलकाता. 9 ऑगस्ट 2024 ला आर जी कर हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मुलीवर जे झालं त्यातला आरोपी, पुढे जन्मठेप झालेला, हा कोलकाता पोलिसांचा सिव्हिक व्हॉलंटिअर, म्हणजे पोलिसांच्या मदतीला घेतलेला हंगामी माणूस होता. पोलिसांच्या बराकीत राहायचा, पोलिसांची बाईक फिरवायचा, हॉस्पिटलमध्ये कुठेही बिनदिक्कत शिरायचा, हे सगळं तेव्हा बातम्यांत आलं. सुप्रीम कोर्टाने सरकारला विचारलं की हे व्हॉलंटिअर नेमता कसे, पडताळणी काय करता, कुठे कुठे ड्युटी देता? आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, याच्या दीड वर्ष आधी, मार्च 2023 मध्ये, कलकत्ता हायकोर्टाच्या सांगण्यावरून तिथल्या पोलिसांनी परिपत्रक काढलं होतं की सिव्हिक व्हॉलंटिअरला कायदा-सुव्यवस्थेचं काम द्यायचं नाही. परिपत्रक होतं, कागदावर. पण हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनला ते माहिती होतं का? वॉर्डातल्या नर्सला होतं का? त्यांना एवढंच दिसत होतं की हा पोलिसांचा माणूस आहे. जो नियम फक्त खात्याच्या फायलीत असतो, तो नागरिकाच्या काही कामाचा नाही. त्याला हे माहीत पाहिजे की समोरच्याला मी कुठे "नाही" म्हणू शकतो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल मी या लोकांच्या विरोधात आहे. उलट आहे. 26/11 च्या शहिदांची नावं घ्या म्हटलं तर करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे ही नावं शाळकरी पोरगंही सांगेल, आणि सांगायलाच पाहिजेत. त्याच यादीत होमगार्ड मुकेश जाधव हेही नाव आहे, ते किती जणांना आठवतं? मरताना तो पोलिसाइतकाच पोलीस होता. पैशाच्या वेळी मात्र तो स्वयंसेवक. होमगार्डचं ब्रीद "निष्काम सेवा", आणि सरकारने ते फारच मनावर घेतलं असावं. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने हिमाचलच्या होमगार्डच्या केसमध्ये सांगितलं की यांना कायम करा असा आदेश देता येणार नाही, पण दिवसाचा भत्ता एवढा द्या की तीस दिवसांची बेरीज पोलिसाच्या किमान पगाराएवढी होईल. महाराष्ट्रात 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत तो भत्ता होता 570 रुपये, मग 1083 झाला. निकालानंतर नऊ वर्षांनी, विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्यावर. तीस दिवसांचे साडेबत्तीस हजारांच्या आसपास होतात, पण तीस दिवस ड्युटी मिळते कुठे.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी खोच इथेच आहे, जिच्यावर कोणी बोलत नाही. ड्युटी मिळाली तर पैसे, नाही मिळाली तर नाही. ड्युटी कोण लावतो, तर साहेब. दर तीन वर्षांनी पुनर्नोंदणी, तिथेही कोणाचातरी शेरा. तीन वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत होमगार्डसाठी 5 टक्के राखीव जागा आहेत, त्यावर कितीतरी पोरं डोळे लावून बसलेली. आता सांगा, ज्या माणसाच्या उद्याच्या चुलीचा प्रश्न ड्युटी लावणाऱ्याच्या मर्जीवर आहे, तो बेकायदा तोंडी हुकमाला नाही म्हणेल? "त्या गाड्या थांबव", "याला दोन ठेवून दे", "ते पैसे घेऊन ये" या वाक्यांना तो काय उत्तर देणार? कायम पोलीससुद्धा म्हणत नाही, पण त्याची नोकरी तरी उद्या सकाळी संपत नाही. म्हणून वसुलीचं, दांडगाईचं, हात घाण होणारं काम खाली ढकललं जातं, अशा माणसाकडे जो नाही म्हणू शकत नाही आणि पकडला गेला तर ज्याला सहज झटकता येतं. त्याचा पगार वाढवा ही मागणी म्हणूनच दयेची नाही. पैसे आणि दिवस ठरलेले असतील तरच त्याच्यावर नियम लादण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तरच तो ते पाळू शकेल.

न्यूयॉर्कची एक गोष्ट इथे आठवते. तिथे 1950 च्या आसपासपासून ऑक्झिलरी पोलीस आहेत, नागरी संरक्षणातून आलेले, बिनपगारी, बंदूक नाही, छातीवर पोलिसाच्या ढालीसारख्या बिल्ल्याच्या जागी सात टोकांचा तारा, बाकी लांबून पाहिलं तर पोलीसच. 14 मार्च 2007 ला ग्रीनिच व्हिलेजमध्ये अशा दोन तरुणांना एका बंदूकधाऱ्याने ठार मारलं. त्यानंतर शहराने सगळ्या ऑक्झिलरींना बुलेटप्रूफ जॅकेट द्यायचं ठरवलं. त्यानंतर! पोलिसासारखा दिसतो म्हणूनच त्याच्यावर गोळी चालते, हे कळायला दोन जीव जावे लागले. दिसायला सारखा आणि बाकी सगळ्यात वेगळा, हा घोळ नागरिकाला फसवतो तसाच त्या माणसालाही मारतो.

"एवढे नियम केलेत तर कोण येईल स्वयंसेवा करायला?" असं विचारतात. इंग्लंडात स्पेशल कॉन्स्टेबल शेकडो वर्षं आहेत, पगार नाही, पण अधिकार पूर्ण पोलिसाचे, म्हणून बंधनंही पोलिसाची. 2002 च्या पोलीस सुधारणा कायद्याने त्यांनी आणखी एक प्रकार आणला, कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर, हा पगारी पण अटक करायचा पोलिसाचा अधिकार त्याला नाही. ज्याला तेवढा वेगळा अधिकार दिला असेल तो संशयिताला फक्त थांबवून ठेवू शकतो, जास्तीत जास्त 30 मिनिटं, पोलीस येईपर्यंत. तीस मिनिटं. आकडा कायद्यात आहे, कोणीही वाचू शकतो, एकतिसाव्या मिनिटाला तुम्ही घड्याळ दाखवू शकता. दोन्ही प्रकारांना माणसं मिळाली. आणि बाहेरचं उदाहरण नको असेल तर आपला पोलीस पाटील बघा. 1967 चा ग्राम पोलीस कायदा आहे, त्यात नेमणूक कोण करणार, कामं काय, शिक्षा काय, सगळं लिहिलेलं. पाटलांबद्दल तक्रारी नाहीत असं नाही, गावोगाव आहेत, पण तक्रार कुठे घेऊन जायची हे गावातल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. खेड्याला जे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी लिहून देता आलं ते मुंबईला का देता येऊ नये?

शिवाय पोलिसांना मदत म्हणजे खाकी आणि काठीच असते असं कोण म्हणालं? भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडेंनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजाची साधी माणसं, कोणाला गणवेश नाही, कोणाला अधिकार नाही, फक्त महिन्यातून बसायचं आणि बोलायचं. 1984 ला भयानक पेटलेली भिवंडी 1992-93 ला, शेजारची मुंबई जळत असताना, शांत राहिली. पुढे मुंबईतही तोच प्रयोग झाला. अधिकार दिल्याशिवाय लोक काही करू शकत नाहीत हा समज त्या कमिट्यांनी खोटा पाडलाय. गर्दीत रस्ता दाखवायला, हरवलेलं पोर सांभाळायला, म्हाताऱ्याला पलीकडे न्यायला अटकेचा अधिकार लागत नाही. मग सरसकट पोलिसाएवढा अधिकार देऊन ठेवायचा आणि वापरू नकोस म्हणायचं, हा कसला कारभार?

मला विचाराल तर कायदा असा बदलावा की होमगार्डला कलम 5 खाली सगळाच्या सगळा पोलीस अधिकार न मिळता ड्युटीच्या प्रकाराप्रमाणे मिळेल. बंदोबस्ताला वेगळा, ट्रॅफिकला वेगळा, आणि तो मराठीत छापलेल्या कार्डावर त्याच्या छातीवर लटकलेला असेल, एका बाजूला काय करू शकतो, दुसऱ्या बाजूला काय करू शकत नाही. पैशाला हात लावायचा नाही, दंडाचा असो की टोइंगचा. लॉकअपच्या आत पाय ठेवायचा नाही. नाकाबंदीला एकटं उभं करायचं नाही, सोबत कायम पोलीस पाहिजेच. गणवेश लांबून ओळखू येईल इतका वेगळा, नुसती खांद्यावरची अक्षरं वेगळी असून भागत नाही, रात्री कोण वाचतं खांदा? वॉर्डन आणि सुरक्षा बलाच्या जवानालाही हेच लागू, ज्याला अधिकार नाही त्याच्या कार्डावर "नाही" असं स्पष्ट लिहा, त्याने त्याचाही ताप वाचेल. त्याला काढायचं तर कारण लेखी आणि त्याचं म्हणणं ऐकून. आणि ज्या अधिकाऱ्याने ड्युटी लावली त्याचं नाव त्याच कार्डावर किंवा त्या दिवसाच्या आदेशावर, म्हणजे तक्रार दोघांवर होईल, एकट्या पोरावर होणार नाही.

या शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त विरोध होईल याची खात्री आहे. अधिकारी म्हणतील की शंभर माणसं उभी असतात, प्रत्येकाच्या वागण्याची हमी आम्ही कशी घेणार? बरोबर, हमी कोणीच घेऊ शकत नाही. पण शंभर माणसांना पोलिसाचा अधिकार वापरायला देताना ही शंका आली नव्हती, ती जबाबदारीच्या वेळीच कशी आली? ज्याला शंभरांची खात्री नाही त्याने चाळीस उभे करावेत आणि साठ कमी पडतायत असं वर लेखी कळवावं. तसं लिहिणारे चार अधिकारी निघाले तरी रिकाम्या पदांचा आकडा मंत्रालयात कोणाच्यातरी टेबलावर कागद होऊन पडेल, आत्ता तो होमगार्डच्या पाठीमागे लपून बसतो. आणि ड्युटीचा आदेश तसाही निघतोच, कायद्यानेच तो लागतो. त्याची एक प्रत चौकीच्या बाहेरच्या फळ्यावर लावायची, आज या पॉइंटला हे दोघं, इतके ते इतके वाजेपर्यंत, लावणारा अमुक अधिकारी, एवढंच. त्याला ना नवीन कायदा लागतो ना नवीन बजेट, आयुक्तांनी मनावर घेतलं तर पुढच्या बंदोबस्तापासून सुरू करता येईल.